अमेरिकेतील शालेय अमली पदार्थ सापळे

शालेय अमली पदार्थ सापळा ही अमेरिकेतील काही पोलीस दलांनी वापरलेली एक गुप्त तपासपद्धती आहे. या पद्धतीत वयाने लहान दिसणारा पोलीस अधिकारी खोट्या नावाने हायस्कुलात विद्यार्थी म्हणून प्रवेश घेतो, काही महिने वर्गात बसतो, विद्यार्थ्यांशी ओळखी वाढवतो आणि त्यांच्याकडून गांजा किंवा अन्य अमली पदार्थ विकत घेतो. सत्राच्या शेवटी या खरेदीव्यवहारांच्या आधारे संबंधित विद्यार्थ्यांना बहुधा एकाच दिवशी अटक केली जाते. अमेरिकी हायस्कुलात साधारणपणे नववी ते बारावीचे वर्ग असतात. त्यामुळे अटक होणारे बहुतेक विद्यार्थी १४ ते १८ वर्षे वयाचे असतात.

लॉस एंजेलस पोलीस खात्याने १९७४ साली सुरू केलेला ‘स्कूल बाय’ हा कार्यक्रम या पद्धतीचा सर्वाधिक परिचित नमुना होय. अशा कारवायांत खरे विक्रेते सापडतात, की ज्यांच्याशी मैत्री करणे सर्वांत सोपे असते असे विद्यार्थी सापडतात, हा या विषयावरील वादाचा मुख्य मुद्दा आहे.

संज्ञा

मराठी वृत्तपत्रांत ‘सापळा’ हा शब्द मुख्यतः लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या कारवाईसंबंधी वापरला जातो. तेथे सामान्यतः आधी तक्रारदार येतो, लाच मागितली गेल्याची पडताळणी होते आणि त्यानंतर सापळा लावला जातो. अमेरिकेतील शालेय सापळ्यात हा क्रम उलटा असतो. विशिष्ट विद्यार्थ्याविरुद्ध आधीपासून तक्रार असणे आवश्यक नसते. अधिकारी शाळेत दाखल झाल्यावर कोणाकडे विचारणा करायची हे तेथील परिस्थिती पाहून ठरते. अमली पदार्थांच्या तपासात पोलीस जो बनावट ग्राहक पाठवतात, त्याची भूमिका येथे ‘विद्यार्थी’ बनलेला अधिकारी स्वतःच पार पाडतो.

पार्श्वभूमी

अमेरिकेत १९७० साली नियंत्रित पदार्थांविषयीचा केंद्रीय कायदा झाला आणि १९७३ साली अमली पदार्थविरोधी केंद्रीय यंत्रणा स्थापन झाली. त्याच सुमारास किशोरवयीन मुलांतील गांजाचे सेवन वेगाने वाढत होते. मिशिगन विद्यापीठ १९७५ पासून दरवर्षी बारावीच्या विद्यार्थ्यांची पाहणी करते. १९७९ साली या पाहणीतील सुमारे निम्म्या विद्यार्थ्यांनी मागील वर्षभरात गांजा ओढल्याचे सांगितले होते. ही संख्या लक्षात घेतली की पालकांची आणि शाळाचालकांची त्या काळातील अस्वस्थता समजू शकते.

‘स्कूल बाय’ सुरू झाला तेव्हा लॉस एंजेलस पोलिसांना विद्यार्थ्याचे सोंग घेण्याची कला नवी नव्हती. त्यांचे अधिकारी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलस शाखेत विद्यार्थी म्हणून नाव नोंदवून वर्गांत बसत आणि प्राध्यापक व विद्यार्थी काय बोलतात याचे अहवाल पाठवत. याविरुद्ध त्या विद्यापीठातील इतिहासाचे प्राध्यापक हेडन व्हाइट यांनी पोलीसप्रमुख एडवर्ड डेव्हिस यांच्यावर दावा लावला. इतिहासलेखनाच्या सिद्धान्तांमुळे जगभर ओळखले जाणारे हेडन व्हाइट ते हेच. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली ‘व्हाइट विरुद्ध डेव्हिस’ या खटल्यात असे मानले की, दाव्यात वर्णिलेली पाळत प्रथमदर्शनी भाषणस्वातंत्र्याचा आणि राज्यघटनेतील खासगीपणाच्या हक्काचा भंग करणारी आहे. मात्र तो प्रश्न विचारांवरील पाळतीचा होता. गुन्ह्याच्या तपासासाठी वर्गात शिरण्याचा मार्ग त्या निकालाने बंद झाला नाही. हायस्कुलातील सापळे पुढेही चालू राहिले.

१९८० च्या दशकात केंद्र सरकारचे धोरण अधिक कठोर झाले. १९८४ च्या एका केंद्रीय कायद्याने शाळेपासून १,००० फुटांच्या (सुमारे ३०५ मीटर) आत अमली पदार्थ विकणाऱ्यास दुप्पट शिक्षेची तरतूद केली. प्रौढ विक्रेत्यांना शाळांपासून दूर ठेवणे हा अशा तरतुदींचा हेतू सांगितला जात असे. राज्यांनीही अशाच तरतुदी स्वीकारल्या. शाळेच्या आवारातच वावरणाऱ्या विद्यार्थ्याला अर्थातच या वर्तुळाबाहेर जाता येत नव्हते. लॉस एंजेलसचे पुढचे पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स यांनी १९८३ साली शहराच्या शालेय मंडळाबरोबर ‘डेअर’ हा प्रतिबंधक शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात गणवेशातील पोलीस वर्गात येऊन मुलांना अमली पदार्थांना नकार देण्यास शिकवत. अशा प्रकारे एकाच शहराच्या शाळांत पोलीस खाते एका वर्गात नकार देण्याचे धडे देत होते आणि दुसऱ्या वर्गात बसलेला त्याचाच अधिकारी मुलांकडे गांजा मागत होता.

कार्यपद्धती

या कामासाठी प्रामुख्याने पोलीस प्रशिक्षण नुकतेच पूर्ण केलेले, विशीच्या पहिल्या काही वर्षांतील अधिकारी निवडले जातात. त्यांना नवे नाव, पूर्वीच्या शाळेचे बनावट गुणपत्रक आणि ‘दुसऱ्या गावाहून बदलून आलो’ अशी एखादी कथा दिली जाते. शालेय मंडळाचे प्रमुख आणि क्वचित मुख्याध्यापक यांना याची कल्पना असते. शिक्षकांना बहुधा नसते. त्यामुळे शिक्षक त्या अधिकाऱ्याला गृहपाठ देतात, त्याची हजेरी घेतात आणि प्रसंगी त्याला शिक्षाही करतात.

नव्या विद्यार्थ्याचे सोंग उपयोगी असते, पण त्याला एक मर्यादाही असते. हायस्कुलातील गट घट्ट असतात. ज्यांच्याकडे खरोखर विक्रीयोग्य साठा असतो ती मुले सावध असतात आणि ओळखीबाहेर व्यवहार करत नाहीत. मधल्या सुट्टीत एकटा बसणारा, नुकताच शाळा बदललेला किंवा मित्रांच्या शोधात असलेला विद्यार्थी मात्र नवागताशी चटकन बोलतो. अधिकाऱ्याच्या हाती सत्राचे काहीच महिने असतात आणि त्या अवधीत त्याला व्यवहार नोंदवायचे असतात. साहजिकच जेथे दार उघडे असते तेथेच तो जातो. हे अधिकाऱ्याच्या दुष्टपणामुळेच होते असे मानण्याचे कारण नाही. पद्धतीचा कलच तसा आहे.

प्रत्येक खरेदीनंतर अधिकारी वरिष्ठांना अहवाल देतो. विकत घेतलेला पदार्थ प्रयोगशाळेत तपासला जातो आणि पुरावा म्हणून जपून ठेवला जातो. विद्यार्थ्याला लगेच अटक होत नाही, कारण पहिल्याच अटकेने अधिकाऱ्याची ओळख उघड होईल. म्हणून सर्व अटका सत्राच्या शेवटी एकत्र केल्या जातात. या प्रतीक्षेचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे त्याच विद्यार्थ्याकडून पुन्हा खरेदी करून आरोपांची संख्या वाढवता येते. दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. एखादा विद्यार्थी खरोखर व्यसनाधीन असल्याचे सप्टेंबरात कळले, तरी डिसेंबरपर्यंत ते त्याच्या पालकांना, समुपदेशकाला किंवा डॉक्टरला सांगितले जात नाही. तोवर त्याचे सेवन चालूच राहते.

सेवन, वाटणे आणि विक्री

किशोरवयीन मुलांतील अमली पदार्थांची देवघेव पुष्कळदा व्यापारी स्वरूपाची नसते. एकजण आणतो, चौघे वाटून घेतात, कधी खर्चापुरते पैसे दिले जातात. कायदा मात्र जवळ बाळगणे, फुकट देणे आणि विकणे यांत मोठा फरक करतो. कॅलिफोर्नियाच्या शिक्षण संहितेनुसार शाळेत अमली पदार्थाची विक्री करणाऱ्या विद्यार्थ्याची हकालपट्टी करण्याची शिफारस मुख्याध्यापकांना करावीच लागते. फ्लोरिडाच्या कायद्यात २० ग्रॅमपर्यंत गांजा मोबदल्याशिवाय देणे हा किरकोळ गुन्हा आहे. त्याच गांजासाठी पैसे घेतले की तो गंभीर गुन्हा ठरतो.

सापळ्यातील अधिकारी नेहमी पैसे देतो, कारण पैशांविना ‘विक्री’ सिद्ध होत नाही. परिणामी, जो विद्यार्थी एरवी बाळगण्याच्या किंवा वाटून घेण्याच्या वर्गात राहिला असता, तो पोलिसांनी घडवून आणलेल्या व्यवहारामुळेच विक्रेत्याच्या वर्गात जातो.

फ्लोरिडातील पाम बीच परगण्यात २०११ साली तीन हायस्कुलांत झालेल्या कारवाईत ३१ जणांना अटक झाली. त्यांतील १८ वर्षांच्या एका विद्यार्थ्याचे अनुभवकथन ‘दिस अमेरिकन लाइफ’ या सार्वजनिक रेडिओ कार्यक्रमाने २०१२ साली प्रसारित केले. त्याच्या सांगण्यानुसार तो वर्गातील एका नव्या मुलीच्या प्रेमात पडला होता. तिने गांजाविषयी विचारल्यावर त्याने तो शोधून आणला आणि तिने देऊ केलेले पैसे घेण्यास प्रथम नकार दिला. अखेरीस त्याने पैसे घेतले. ती मुलगी पोलीस अधिकारी होती. हा विद्यार्थी पूर्वी गांजा विकणारा म्हणून ओळखला जात नव्हता आणि त्याला हवाई दलात जायचे होते. गंभीर गुन्ह्याची नोंद झाल्याने ती वाट अवघड झाली.

अशा नोंदीचे परिणाम शिक्षणावरही होत. १९९८ च्या केंद्रीय दुरुस्तीनुसार अमली पदार्थांच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठीचे केंद्रीय अर्थसाहाय्य ठरावीक काळ नाकारले जाई. २००६ साली ही अट साहाय्य मिळत असताना केलेल्या गुन्ह्यांपुरती मर्यादित झाली आणि २०२० च्या कायद्याने ती पूर्णपणे काढून टाकण्यात आली. बालन्यायालयातील निर्णयांना ही अट लागू नव्हती. वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्या बारावीच्या विद्यार्थ्यांना मात्र तिचा फटका बसू शकत असे.

कायदेशीर चौकट

अमेरिकी न्यायालयांनी पोलिसांच्या वेषांतराला सर्वसाधारणपणे मान्यता दिली आहे. १९६६ च्या ‘लुइस विरुद्ध अमेरिका’ या खटल्यात, ओळख लपवून अमली पदार्थ खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्याला आरोपीने स्वतःच घरात घेतले असेल तर ती बेकायदा झडती ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. चुकीच्या माणसावर ठेवलेल्या विश्वासाला घटनेचे संरक्षण नाही, हे त्यामागचे तत्त्व. शाळेत विद्यार्थ्याचे हक्क आणखी आखूड होतात. १९८५ च्या ‘न्यू जर्सी विरुद्ध टी. एल. ओ.’ या निकालानुसार शाळेचे अधिकारी केवळ वाजवी संशयावरून विद्यार्थ्याची झडती घेऊ शकतात.

विद्यार्थ्यापुढे बचावाचा मुख्य मार्ग उरतो तो ‘एन्ट्रॅपमेंट’चा, म्हणजे शासनाच्या प्रतिनिधीनेच आपल्याला गुन्ह्यास प्रवृत्त केले असे म्हणण्याचा. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९३२ साली ‘सोरेल्स’ खटल्यात स्वीकारले. दारूबंदीच्या काळातील त्या प्रकरणात अधिकाऱ्याने पहिल्या महायुद्धातील सैनिकी सेवेच्या आठवणी काढून आरोपीकडे पुन्हा पुन्हा दारू मागितली होती. १९५८ च्या ‘शेरमन’ आणि १९९२ च्या ‘जेकबसन’ या निकालांत हाच धागा पुढे गेला. केंद्रीय न्यायालये आरोपीची पूर्वप्रवृत्ती पाहतात. हा माणूस संधी मिळताच गुन्हा करणाराच होता का, असा प्रश्न तेथे विचारला जातो.

कॅलिफोर्नियाची कसोटी वेगळी आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७९ च्या ‘बराझा’ खटल्यात आरोपीच्या स्वभावाऐवजी पोलिसांच्या वर्तनाकडे पाहण्याचे ठरवले. एरवी कायदा पाळणारा माणूस अशा वर्तनाने गुन्ह्यास प्रवृत्त होईल का, हा तेथील प्रश्न होय. अयोग्य दबावाचे उदाहरण म्हणून न्यायालयाने मैत्री किंवा सहानुभूतीचे आवाहन नमूद केले. लाभाच्या इच्छेऐवजी मैत्रीपोटी माणूस ते कृत्य करत असेल, तर ते प्रवृत्त करणे ठरू शकते. शालेय सापळ्याचे सारे तंत्र मैत्रीवर उभे असल्याने हा निकाल विद्यार्थ्यांच्या पथ्यावर पडायला हवा होता. व्यवहारात त्याचा उपयोग मर्यादित राहिला, कारण हा बचाव सिद्ध करायचा तर खटला लढवावा लागतो आणि बहुतेक कुटुंबे वकिलांच्या सल्ल्याने सौम्य शिक्षेची तडजोड स्वीकारतात. शिवाय १९७१ च्या ‘मकीव्हर’ निकालानुसार बालन्यायालयात ज्यूरीपुढे खटला चालण्याचा घटनात्मक हक्क नाही.

शाळेतून हकालपट्टी ही फौजदारी खटल्यापासून स्वतंत्र कारवाई असते. न्यायालयाने सौम्य भूमिका घेतली तरी शाळा विद्यार्थ्याला काढून टाकू शकते. अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना मात्र केंद्रीय कायद्याचे एक संरक्षण आहे. त्यांचे वर्तन अपंगत्वामुळे घडले का, याचा विचार शाळेला दहा शालेय दिवसांच्या आत करावा लागतो. अमली पदार्थांच्या प्रकरणांत विद्यार्थ्याला ४५ शालेय दिवसांपर्यंत अन्यत्र पाठवण्याची सवलतही त्याच कायद्यात आहे.

टेमेक्युला येथील कारवाई

कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड परगण्याच्या शेरीफ खात्याने २०१२ च्या शरद सत्रात टेमेक्युला शहरातील तीन हायस्कुलांत गुप्त अधिकारी पाठवले. ११ डिसेंबर २०१२ रोजी २२ विद्यार्थ्यांना अटक झाली. काहींना तर भरवर्गातून बेड्या घालून नेण्यात आले.

अटक झालेल्यांत स्वमग्नता असलेला १७ वर्षांचा एक विद्यार्थी होता. तो त्या शाळेत नवा होता आणि त्याला मित्र नव्हते. विद्यार्थी बनलेल्या अधिकाऱ्याने त्याच्याशी ओळख केली. त्याला मित्र मिळाला म्हणून आईवडिलांना आनंद झाला. त्यांनी मित्राला घरी बोलावण्यास सुचवले, पण मित्र येण्याचे टाळत राहिला. कुटुंबाच्या म्हणण्यानुसार त्या अधिकाऱ्याने काही आठवड्यांत साठहून अधिक मोबाइल संदेश पाठवून गांजाची मागणी केली. विद्यार्थ्याने दोन वेळा थोडा गांजा मिळवून दिला. प्रत्येक वेळी अधिकाऱ्याने २० डॉलर दिले होते. अधिकाऱ्याने त्याच्याकडे त्याची स्वतःची औषधेही मागितली. ती देण्यास त्याने नकार दिला, तेव्हा मैत्रीही ओसरली.

बालन्यायालयाने परिस्थितीचे वेगळेपण मान्य करून त्याला काही तासांची समाजसेवा आणि सहा महिने चांगल्या वर्तनाची अट एवढ्यावर सोडले. शालेय मंडळाने मात्र हकालपट्टीची प्रक्रिया सुरूच ठेवली. कुटुंबाने विशेष शिक्षणाच्या कायद्याखाली दाद मागितली आणि मार्च २०१३ मध्ये प्रशासकीय न्यायाधीशांनी त्याला शाळेत परत घेण्याचा आदेश दिला. हे वर्तन त्याच्या अपंगत्वाशी निगडित होते, आणि मंडळाच्या प्रमुखांना कारवाईची माहिती असूनही मंडळाने या विद्यार्थ्याला अधिकाऱ्यासमोर एकटे सोडले, असा त्या निर्णयाचा आशय होता. पुढे कुटुंबाने मंडळावर दिवाणी दावाही केला.

हे प्रकरण गाजले ते मुलाच्या निदानामुळे. परंतु त्यातील एकटेपणा, नवी शाळा आणि कोणीतरी आपल्याशी बोलते आहे याचा आनंद या गोष्टी निदान नसलेल्या मुलांतही आढळतात. त्यांच्यासाठी कोणतेही प्रशासकीय न्यायाधीश बसलेले नसतात.

समर्थन आणि परिणामकारकता

सापळ्यांचे समर्थक एका खऱ्या अडचणीकडे बोट दाखवतात. शाळेतील अमली पदार्थांचा व्यवहार हा बंदिस्त असतो. विद्यार्थी मित्रांची नावे सांगत नाहीत, शिक्षकांना स्वच्छतागृहात काय चालते ते दिसत नाही आणि गणवेशातील पोलीस दिसताच सारे थांबते. आतून पाहणाऱ्या माणसाशिवाय पुरावा मिळणे कठीण, हे म्हणणे चूक नाही. शेजारी बसलेला मुलगा पोलीस असू शकतो या धास्तीने विक्री कमी होते, असाही दावा केला जातो.

या दाव्याला आकडेवारीचा आधार मात्र सापडत नाही. मिशिगनच्या पाहणीत गांजा मिळवणे सोपे आहे असे सांगणाऱ्या बारावीच्या विद्यार्थ्यांचे प्रमाण १९७५ पासून कित्येक दशके ८० ते ९० टक्क्यांच्या दरम्यानच राहिले. प्रत्यक्ष सेवन मात्र बरेच वर-खाली झाले. वर्षभरात गांजा ओढणाऱ्यांचे प्रमाण १९९२ साली सुमारे २२ टक्क्यांपर्यंत उतरले आणि १९९७ पर्यंत पुन्हा ३८ टक्क्यांवर गेले. या चढ-उताराचा संबंध संशोधक मुख्यतः गांजाविषयीच्या मुलांच्या समजुतींशी जोडतात. उपलब्धता तर या काळात जवळजवळ बदललीच नाही. ही आकडेवारी देशव्यापी आहे, त्यामुळे एखाद्या शाळेपुरता तात्पुरता परिणाम तीत दिसणार नाही, हेही खरे.

लॉस एंजेलसमध्ये सुमारे तीन दशकांनंतर, २००० च्या दशकाच्या मध्यास, ‘स्कूल बाय’ थांबवण्यात आला. पकडलेल्यांत विशेष शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण मोठे असल्याची आणि बहुतेक प्रकरणे अल्प प्रमाणातील गांजाची असल्याची टीका त्यापूर्वी होत होती. इतरत्र ही पद्धत चालू राहिली. टेमेक्युला आणि पाम बीच येथील कारवाया त्यानंतरच्याच आहेत.

लोकसंस्कृतीत

तरुण दिसणारे पोलीस शाळेत विद्यार्थी बनून वावरतात ही कल्पना ‘२१ जंप स्ट्रीट’ या दूरचित्रवाणी मालिकेमुळे (१९८७ ते १९९१) घरोघरी पोहोचली. पॅट्रिक हॅसबर्ग आणि स्टीव्हन कॅनेल यांनी निर्माण केलेल्या या मालिकेमुळे जॉनी डेप याला प्रसिद्धी मिळाली. २०१२ साली याच नावाचा विनोदी चित्रपट आला. पाम बीचमधील विद्यार्थ्याच्या कथेवर लिन-मॅन्युएल मिरांडा यांनी २०१४ साली ‘२१ चंप स्ट्रीट’ ही पाव तासाहूनही लहान संगीतिका रचली. मूळ मालिकेतील पोलीस नायक होते. संगीतिकेत सहानुभूती पकडलेल्या मुलाकडे वळली आहे.

बदललेली परिस्थिती

कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये प्रौढांसाठी गांजा कायदेशीर केला. त्याच कायद्याने १८ वर्षांखालील मुलांकडून होणारे गांजाचे बाळगणे व विक्री यांसाठी अमली पदार्थविषयक शिक्षण, समुपदेशन आणि समाजसेवा एवढीच उपाययोजना ठेवली. ज्या पदार्थासाठी तेथे बहुतेक सापळे लागत, त्यासाठी मुलांवर गंभीर गुन्हा दाखल करण्याचा आधारच त्यामुळे उरला नाही.

दुसरा बदल अधिक भयावह आहे. फेंटानिल या अतितीव्र कृत्रिम अफूसदृश औषधाची भेसळ असलेल्या बनावट गोळ्या समाजमाध्यमांवरून विकल्या जाऊ लागल्या. विक्रेता शाळेतला असण्याची गरज राहिली नाही आणि एका गोळीनेही मृत्यू ओढवू लागला. सप्टेंबर २०२२ मध्ये हॉलिवूडमधील बर्नस्टीन हायस्कुलात एक १५ वर्षांची विद्यार्थिनी अशाच गोळीमुळे मरण पावली. त्यानंतर त्याच महिन्यात लॉस एंजेलसच्या शालेय मंडळाने आपल्या सर्व शाळांत नॅलोक्सोन ठेवण्याचे जाहीर केले. नाकात फवारण्याचे हे औषध अतिमात्रेमुळे मंदावलेला श्वास पूर्ववत करते.